कविता वाचून मुलांना काय मिळतं? अहवालात लिहायचं आहे

वावरातली_शाळा

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. जूनपासून दर शनिवारी शेवटच्या तासाला आमच्या वर्गात कविता वाचतात. कविता स्वतःची असो की पुस्तकातली, कागद हातात धरलेला चालतो. ज्याला वाचायचं नाही त्याने नुसतं ऐकायचं. नंबर काढायचे नाहीत, बक्षीस नाही. पाठ केलीच पाहिजे, चाल लावलीच पाहिजे असंही नाही.

परवा शाळाभेटीला आलेल्या साहेबांना तास आवडला. शेवटपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "मॅडम, उपक्रम छान आहे. पण याने फायदा काय होतो ते अर्धा पान लिहून द्या. आणि जमलं तर स्पर्धा ठेवा, प्रमाणपत्रं द्या."

फायदा मला दर शनिवारी डोळ्यांनी दिसतो. पण लिहायला बसलं की 'आत्मविश्वास वाढतो, भाषा समृद्ध होते' हीच वाक्यं येतात, आणि ती वृक्षारोपणापासून हात धुण्यापर्यंत प्रत्येक अहवालात असतात. मला खरं काहीतरी लिहायचं आहे. तुमच्या शाळेत असं काही होतं का? त्याने काय झालं? आणि स्पर्धेबद्दल तुमचं काय मत?

गोदाकाठ

मॅडम, आधी मनापासून अभिनंदन. मी मराठी शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे शाळेत कविता तीन प्रकारे तोंडी येते. पाठांतर, गायन आणि वाचन. पाठांतराच्या स्पर्धा गावोगावी होतात, मनाच्या श्लोकांच्या तर विशेष. गायनही होतं, कारण बाईंनी चाल लावली की वर्ग खूश. वाचन मात्र जवळजवळ कुठेच होत नाही. म्हणजे कागद समोर धरून, अर्थ लावत, दुसऱ्याला ऐकवण्यासाठी वाचणं. तुम्ही नेमकं तेच करता आहात.

पाठांतरात मूल ओळीच्या शेवटी थांबतं, कारण तिथे श्वास घ्यायची सवय लागलेली असते. वाचताना त्याला ठरवावं लागतं की इथे थांबायचं की पुढच्या ओळीत जायचं. मुक्तछंदातली कविता सातवीच्या मुलाला वाचायला द्या. पहिल्यांदा तो प्रत्येक ओळ तोडून वाचेल. दुसऱ्यांदा वाक्य कुठे संपतं ते त्याच्या लक्षात येईल. तिसऱ्यांदा तो मधेच थांबून विचारेल, "सर, हे कोण बोलतंय?" हा प्रश्न मी फळ्यावर लिहून कधी निघाला नाही. मोठ्याने वाचताना निघाला.

स्पर्धेबद्दल नंतर लिहितो, नातू हाक मारतोय.

चिंचेचं_झाड

स्पर्धा नको!! आमच्या शाळेच्या काव्यवाचन स्पर्धेत एका दिवसात सातआठ जणांकडून 'कणा' ऐकलेली आहे. परीक्षकांनासुद्धा पाठ झाली होती, ओठ हलत होते त्यांचे.

पुणेरी_उन्हाळा

@चिंचेचं_झाड, आमच्याकडेही तेच. आणि शेवटच्या ओळीला प्रत्येकाचा हात वर. :)

सावली_आणि_ऊन

मी आई म्हणून लिहिते. माझा मुलगा बोलताना अडखळतो. तिसरीपासून वर्गात वाचायची वेळ आली की बाई त्याला वगळत, चांगल्या हेतूनेच. त्यामुळे त्याचं अडखळणं कमी झालं नाही, फक्त त्याचा आवाज वर्गाने ऐकणं बंद झालं.

सहावीत नवीन सर आले. त्यांनी सुरुवातीला जोडीने कविता वाचायला लावली, दोन मुलं एका सुरात. लय असलेल्या आणि सोबतीने म्हटलेल्या ओळीत तो अडखळत नाही, हे आम्हाला घरी ठाऊक होतं, आरत्या तो खणखणीत म्हणतो. वाचातज्ज्ञांनीही तेव्हा सांगितलं की असं बऱ्याच मुलांचं असतं. दिवाळीनंतर तो एकटा उभा राहिला. अडखळला, दोनदा. कोणी हसलं नाही, कारण तोवर वर्गाला एकमेकांचं ऐकायची सवय लागली होती. त्याचं अडखळणं बरं झालं असं मी म्हणणार नाही, ते आजही आहे. पण हल्ली तो दुकानात जाऊन स्वतः वस्तू मागतो. आधी माझ्या हातात चिठ्ठी द्यायचा.

हे अहवालात चालेल का बघा ताई.

तिसरा_बाक

सगळं कौतुकच चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो.

आमच्या वर्गात एका मुलीने स्वतःची कविता वाचली होती. वडील रात्री पिऊन येतात, आई ताट झाकून बसते, अशी. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट गावभर झाली. ती मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, आणि नंतर तिने काही लिहिल्याचं मला आठवत नाही. कविता चांगली होती. सरांचा हेतूही चांगला होता. पण बारा वर्षांच्या मुलाला आपण काय उघड करतोय याचा अंदाज नसतो, आणि लहान गावात वर्गातली गोष्ट वर्गात राहत नाही.

शिवाय सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. मला उभं केलं की कानात घूं व्हायचं. बोलक्या मुलांचा तास आणखी बोलका होतो आणि आमच्यासारखे भिंतीला चिकटतात. फायदे लिहिताना हेही लिहा.

वावरातली_शाळा

@तिसरा_बाक, फार महत्त्वाचं लिहिलंत. धन्यवाद.

आमच्याकडे स्वतःची कविता असेल तर ती गुरुवारपर्यंत माझ्याकडे येते. ती मी तपासण्यासाठी घेत नाही. घरातलं काही असेल तर मी त्या मुलाला एकट्याला विचारते, "ही वर्गात वाचायची, की आपल्या दोघांतच ठेवायची?" बरीच मुलं दुसरं निवडतात. एकीने सांगितलं, "बाई, तुम्ही वाचा, पण नाव सांगू नका." मी तसंच केलं. वर्ग शांतपणे ऐकत होता आणि तीही आपली कविता दुसऱ्या कुणाची असावी तशी ऐकत होती. न वाचणारी सहाजण अजून आहेत. त्यांना मी एकदाही 'आज तरी वाच' म्हटलेलं नाही.

तिसरा_बाक

असं असेल तर माझा विरोध मागे. हे गुरुवारचं अहवालात नक्की लिहा, दुसरे शिक्षक वाचतील.

काटेसावर

शिक्षणशास्त्राशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून साहेबांना दाखवता येईल असं थोडं देते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं की मोठ्याने वाचलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात. २०१८ च्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात स्वतः मोठ्याने वाचणारे सगळ्यात पुढे होते, मनात वाचणारे सगळ्यात मागे, आणि दुसऱ्याने वाचलेलं ऐकणारे मधे. म्हणजे जी सहाजण नुसती ऐकतात त्यांच्याही हाती काहीतरी लागतं. अमेरिकेत वाचनशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय समितीनेही २००० साली नोंदवलं होतं की शिक्षकाच्या मदतीने तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचल्याने मुलांच्या वाचनाचा ओघ आणि आकलन, दोन्ही सुधारतं.

आता अडचण इथे येते की तोच धडा मूल पाच वेळा का वाचेल? कंटाळेल. कविता मात्र वाचेल, कारण ती छोटी असते आणि शनिवारी ऐकवायची असते. तुमच्या तासाचं खरं काम शुक्रवारी संध्याकाळी घरी होतं, असं मी लिहीन.

एक मर्यादाही सांगते. हे पुरावे शब्दांच्या स्मरणाचे आणि वाचनाच्या ओघाचे आहेत. धीटपणा, संवेदनशीलता वगैरे यातून सिद्ध होत नाही. ते अहवालात मुलांच्या उदाहरणांतूनच येऊ द्या.

वऱ्हाडी_ठेचा

काहून बाप्पा, कविता वाचायले प्रमाणपत्र कशाले पाहिजे?

मस्करी सोडा. माझा एकच मुद्दा आहे, भाषेचा. पोरांना 'कविता लिहा' म्हटलं की ती पुस्तकी भाषेत पाखरं, झुळझुळ झरे आणि हिरवे गालिचे लिहितात. आमच्या गावात झरा नाही. माझ्या भाच्याने एकदा घरच्या बोलीत, गुरांच्या बाजाराची कविता लिहिली. वर्गात वाचली तर पोरं टेबल बडवायला लागली, कारण भाव करणाऱ्या माणसाचा आवाज त्यात जसाच्या तसा होता. कागदावर तीच कविता बाईंनी लाल शाईने 'शुद्ध' केली असती. ऐकली म्हणून वाचली.

आणि मॅडम, तुम्ही तर बहिणाबाईंच्या जिल्ह्यात आहात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात म्हटलेल्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. ती कविता आधी कानांनी जगली.

वावरातली_शाळा

@वऱ्हाडी_ठेचा, अगदी! आमच्याकडे घरी अहिराणी. पहिले काही आठवडे सगळी मुलं प्रमाण मराठीत वाचायची, आवाज बारीक करून. मग एका मुलाची कविता 'मन्ही माय वावरमा जास' अशी सुरू झाली. वर्ग आधी हसला आणि मग हसू थांबलं, कारण पुढे कापूस वेचताना बोंडाने चिरलेल्या बोटांचं आलं. नेहमी मागे बसणारी मुलगी, जिची आईसुद्धा वेचणीला जाते, म्हणाली, "परत वाच." त्याने परत वाचली.

तेव्हापासून दोन्ही भाषा चालतात. आणि गंमत अशी की अहिराणीत वाचून सरावलेला मुलगा प्रमाण मराठीतला धडाही आता खुल्या आवाजात वाचतो.

बे_एरियातली_मावशी

मी कॅलिफोर्नियात राहते, दोन अनुभव देते.

इथे हायस्कूलच्या मुलांसाठी 'पोएट्री आउट लाउड' नावाची देशभर चालणारी स्पर्धा आहे. दुसऱ्याची कविता पाठ म्हणायची. वर्ग, शाळा, राज्य आणि मग राष्ट्रीय फेरी. अचूकतेलाही गुण असतात. माझी मुलगी शाळेच्या फेरीपर्यंत गेली. स्पर्धेमुळे तिने एक जुनी कविता महिनाभर उराशी धरली, हे मी मान्य करते. एरवी तिने ती उघडलीही नसती. त्यामुळे स्पर्धेला सरसकट वाईट म्हणू नये असं मला वाटतं.

पण शनिवार-रविवारच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही स्पर्धा ठेवली तेव्हा उलटं झालं. ज्यांच्या घरी मराठी बोलतात तीच मुलं पुढे. बाकीच्यांना आपले उच्चार 'चुकीचे' वाटायला लागले. 'ळ' म्हणता न येणारा मुलगा यायचाच बंद झाला. पुढच्या वर्षी नुसतं वाचन ठेवलं, आजी-आजोबा श्रोते. तो परत आला.

पुणेरी_उन्हाळा

'ळ' पुण्यातल्या मुलांनाही जड जातो हल्ली. 'शाळा, फळा, काळा' ही यमकं म्हणूनच मुलांना लिहायला दिली पाहिजेत, दर शनिवारी!

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे पोरं भजनात उभी राहून लहानपणीच धीट होतात. पण भजनात समूह असतो, एकट्याचा शब्द नसतो. बाकीबाब बोरकर स्वतः आपल्या कविता गाऊन ऐकवत, मराठी आणि कोंकणी दोन्ही. वडिलांनी त्यांना ऐकलं होतं आणि ते सांगत, की नंतर पुस्तकात ती कविता वाचली तरी आवाज त्यांचाच येतो.

मग गाण्याला इतका विरोध का? ज्या मुलाला गळा आहे त्याला गाऊ द्या की.

गोदाकाठ

@मांडवीकाठ, विरोध नाही. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळ या कवींच्या गटाने काव्यगायनच लोकप्रिय केलं आणि त्यामुळे कविता घराघरात गेली. पण त्याच चालीवर पुढे सगळ्या कविता म्हटल्या जाऊ लागल्या, शोकाची आणि वर्षाऋतूची एकाच सुरात. शाळेत अजून तेच चालतं. मग विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे कवी एकत्र गावोगाव जाऊन कविता वाचू लागले. मी कॉलेजात असताना त्यांचा कार्यक्रम ऐकला. नुसत्या बोलण्याच्या आवाजात कविता इतकी पोचू शकते हे तोवर मला माहीत नव्हतं. मुलांना दोन्ही ऐकवावं. पण चाल शेवटी यावी, अर्थ लागल्यावर.

आता स्पर्धेबद्दल. जळगावच्या मॅडमना हे सांगायलाच हवं. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. तिथे धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोमरेने मोठमोठ्या कवींसमोर आपल्या कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पहिला-दुसरा नंबर काढायला ते बसले नव्हते. ऐकायला बसले होते. मुलाला ऐकणारी मोठी माणसं मिळाली, एवढंच घडलं.

तेव्हा साहेबांना सांगा की स्पर्धेऐवजी वर्षातून दोनदा पालकांना बोलवू. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन तर आहेच.

काटेसावर

२७ फेब्रुवारीची मात्र काळजी घ्या. बऱ्याच शाळांत त्या दिवशी पाहुण्यांची भाषणं तासभर आणि मुलांना दोन-दोन मिनिटं. आधी मुलं, मग पाहुणे, असा क्रम लावा.

दहावीचा_बाबा

व्यावहारिक मुद्दा. दहावीला भाषा विषयांत २० गुण तोंडी परीक्षेचे असतात. २०१९ च्या परीक्षेत ते नव्हते, नंतर परत आले. तेव्हा पालकांनी किती काळजी केली होती ते आठवा. मग तोंडी बोलणं-वाचणं शिकवायला सहावीपासून आठवड्याला एक तास दिला तर त्यात वेळ वाया कसा? पालकसभेत 'अभ्यासक्रम मागे पडतो' असं कोणी म्हटलं तर हे सांगा.

चिंचेचं_झाड

आई आणि पाऊस सोडून कविता येतात का हो मॅडम तुमच्याकडे? आमच्या बाई म्हणायच्या, या वर्षी आणखी एक पाऊस पडला तर मी छत्री घेऊन तास घेईन.

वावरातली_शाळा

येतात! पाऊस खूप येतो, पण आमच्याकडे तो येत नाही म्हणून येतो. बोअरची मोटार, आठवडी बाजार, मेलेली म्हैस, मोबाइल दोन भावांत एक असल्याची कविता. एकाने शाळेच्या खिचडीवर लिहिली, ती स्वयंपाकाच्या मावशींना वर्गात बोलवून वाचून दाखवली.

आणखी एक सांगते, कारण हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एका मुलाने वाचलं:

आजोबा बसले होते
ओट्यावर एकटे
पाऊस बघत नव्हते

संपलं म्हणून तो खाली बसला. मागून कुणीतरी विचारलं, "मग काय बघत होते?" तो गप्प झाला. पुढच्या शनिवारी तीच कविता घेऊन आला, खाली एक ओळ वाढवलेली: 'रस्ता बघत होते'. त्याचे काका सुरतेला कामाला गेलेत हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे. मी 'अजून लिही' असं वहीत लिहिलं असतं तर त्याने फार तर एखादं फूल वाढवलं असतं. ही ओळ त्या प्रश्नामुळे आली.

सावली_आणि_ऊन

अंगावर काटा आला. ताई, हेच लिहा साहेबांना. जसंच्या तसं.

काटेसावर

+१. लेखनात दुरुस्ती करायला मुलांना किती कष्टाने लावावं लागतं ते शिक्षकांना विचारा. इथे ती एका श्रोत्याच्या प्रश्नातून झाली. याहून ठळक फायदा मी तरी दाखवू शकणार नाही.

एक सुचवते. ऐकणाऱ्यांना छोटी चिठ्ठी द्या. कानात राहिलेली एक ओळ किंवा पडलेला एक प्रश्न, एवढंच लिहायचं. 'छान', 'मस्त' लिहायला बंदी. तिसऱ्या बाकावरच्या मुलांनाही बोलायला जागा मिळते.

तिसरा_बाक

चिठ्ठी मला तेव्हा मिळाली असती तर मी भरभरून लिहिलं असतं. अनुमोदन.

वावरातली_शाळा

सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय. बघा आणि सुधारा:

"शनिवारच्या कवितावाचनाने पुढील बदल दिसले. (१) शनिवारी ऐकवायचं म्हणून मुलं तीच कविता घरी अनेकदा मोठ्याने वाचतात. वाचताना वाक्य कुठे संपतं याकडे लक्ष जातं आणि धडावाचनही सुधारलं आहे. (२) वर्गमित्रांच्या प्रश्नांमुळे मुलं आपलं लेखन स्वतःहून दुरुस्त करतात. उदाहरण सोबत. (३) घरची बोली वर्गात आल्याने गप्प राहणारी काही मुलं वाचू लागली. (४) मुलं एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकतात. वाचन ऐच्छिक आहे. घरगुती मजकुराबाबत मुलांशी आधी स्वतंत्र बोलणं होतं. स्पर्धेमुळे ठरावीक मुलंच पुढे येण्याची शक्यता असल्याने स्पर्धेऐवजी पालकांसाठी वर्षातून दोन वाचनं ठेवण्याची परवानगी मिळावी."

आजोबांच्या कवितेची दोन्ही रूपं जोडते आहे, त्या मुलाला विचारून. तो म्हणाला, "साहेबांना दुसरी द्या, पहिली अर्धी होती." त्याला समजावलं की दोन्ही लागतात.

गोदाकाठ

उत्तम. फक्त चौथा मुद्दा पहिला घ्या. बाकीचे तीन त्याच्यामुळे झाले.

दहावीचा_बाबा

तोंडी परीक्षेचं एक वाक्य घाला मॅडम, साहेब लोकांना ते लगेच पटतं.

वावरातली_शाळा

दोन्ही केलं. सोमवारी केंद्रात देते. @काटेसावर, या शनिवारी चिठ्ठ्या वापरून बघते, जुन्या वह्यांची कोरी पानं कापून ठेवली आहेत. पालकांच्या वाचनाला वेळ कोणती ठेवावी? आमच्याकडे वेचणी सुरू आहे, दुपारी कोणी येणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बाजाराच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सातनंतर, देवळाच्या ओट्यावर. शाळेत बोलावलं तर बाप लोक येत नाहीत, ओट्यावर आपोआप असतात.